सुलतानची लाळ

सुलतान भाकरीला तोंड लावत नव्हता. पंजानं तोंड खरडायचा, मान झटकायचा. दाढेत काहीतरी अडकलं असेल म्हणून शिवकन्यानं त्याच्या तोंडात बोट घातलं. कुत्रा कळवळला आणि त्याचा दात तिच्या बोटाला लागला. जरासं रक्त आलं. तिनं हळद दाबली अन् कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा बलभीम कुंपणापाशी थबकला.

"वहिनी, मागं सरा! कुत्रं पिसाळलंय. लाळ बघा की."

सुलतानच्या जबड्यातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. शिवकन्यानं बोट पदराखाली लपवलं. माहेरी, जळकोटला, कुत्रं चावलेला एक माणूस तिनं लहानपणी दाराच्या फटीतून पाहिला होता. पाण्याचा तांब्या पुढं केला की तो किंचाळायचा.

बलभीम काठी घेऊन आला. तिचे सासरे रामलिंग आडवे आले. "डाक्टर येऊस्तोवर कुणी हात लावायचा न्हाय."

सुलतान लिंबाला बांधलेलाच होता. शिवकन्या स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि पाणी प्यायली. घसा आवळतोय का? पुन्हा प्यायली. पोट तुंबलं तरी तांब्या खाली ठेववेना. बोटाचं मात्र ती कुणाला बोलली नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. "लस टोचली होती का?"

"न्हाय बा," रामलिंग म्हणाले.

डॉक्टरांनी जाड हातमोजे चढवले, काठीच्या फासानं मान धरून गुंगीचं इंजेक्शन दिलं. कुत्रा आडवा झाल्यावर जबडा उघडला. नाक दाबावं असा वास सुटला. टाळूला आडवं हाडाचं कांडकं रुतलं होतं, दोन्हीकडच्या दाढांमध्ये पाचर मारल्यागत. एक दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरडीत पू. त्यांनी चिमट्यानं हाड ओढलं, दाढही काढली.

"म्हंजी पिसाळलेलं न्हाय?" रामलिंगनी विचारलं.

"लाळ यानंच गळत असावी. तरी लस नाही, तेव्हा बांधून ठेवा, लक्ष ठेवा. तोंडात कुणी हात घातला होता?"

मग दार उघडून शिवकन्या बाहेर आली आणि तिनं बोट पुढं केलं.

रामलिंगचा चेहरा उतरला. "पोरी, बोलली का न्हाईस?"

"लई भ्या वाटलं, मामा."

डॉक्टरांनी तिला नळाखाली साबणानं बराच वेळ बोट धुवायला लावलं आणि तडक सरकारी दवाखान्यात धाडलं. रामलिंग सोबत गेले.

संध्याकाळी सुलताननं दूध-भाकरीचा काला एका बाजूनं चावत संपवला. पुढंही तो ठणठणीत राहिला. शिवकन्यानं सगळी इंजेक्शनं घेतली, कुत्र्यालाही लस टोचली. आता रामलिंग अधूनमधून त्याचा ओठ उचलून हिरड्या बघतात, हाड कुणाला टाकू देत नाहीत. शिवकन्या उंबऱ्याच्या आतूनच विचारते, "बरं हाय का?" कुत्र्यानं जांभई दिली तरी तिचा हात आपोआप पदराखाली जातो.