गोटीरामशेठचं डावं मूत्रपिंड

मित्रांनो, मी एक जुनं मूत्रपिंड आहे. बोनकोड्याच्या गोटीरामशेठच्या पाठीत, डाव्या अंगाला माझा मुक्काम. शेठच्या चार मजली इमारतीत भाडेकरू बदलत राहिले. मी जन्मापासून एकाच खोलीत.

लोकांना वाटतं, मी फक्त लघवीचं बघतं. माझं खरं काम नाजूक आहे. खाल्लेल्या अन्नातून, त्यातही मटणातून, अंगात आम्ल तयार होतं. ते उपसायचं, रक्त आंबट होऊ द्यायचं नाही. शेठ हळदीत नाचायचे, तेव्हाही मी उपसत असे. कौतुक कधी झालं नाही. गाणी सगळी काळजावर.

पुढे मधुमेहाने मला आणि उजव्या भावाला सुकवलं. आता आम्ल साचतं. रोज थोडं थोडं. बिचारी हाडं आपला चुना देऊन ते निववतात आणि पोकळ होतात. शेठच्या मांड्या गळाल्या, जिन्यात धाप लागते.

डॉक्टरांनी ते आम्ल मारायला सोड्याच्या गोळ्या दिल्या. शेठ म्हणाले, "मना पोटान जळजळ नाय. मंग सोडा कशाला?"

"ऱ्हाव द्या, वाया नाय जानार," पुतळाकाकी म्हणाल्या. त्या शेठच्या पत्नी, फार काटकसरी.

आज त्यांच्या मुलीची, उन्नतीची हळद. काकींनी गोळ्या कुटून भज्यांच्या पिठात घातल्या. भजी काय फुलली! पाहुण्यांनी वाहवा केली. मी आत तडफडत होतं.

रिकामी पाकिटं उन्नतीने पाहिली. "आये, पप्पांच्या गोळ्या कुठंयत?"

"भज्यान. सोडाच त होता!"

"अगं, पोटातली अ‍ॅसिडिटी वेगळी, ही रक्तातली! किडनी गेली तर डायलिसिसवर जातील पप्पा!"

"लगीन होव दे," शेठ म्हणाले. "मंग बघू."

मित्रांनो, झिजताना मी दुखत नाही, हेच माझं दुर्दैव. दुखलं असतं तर शेठ कधीच धावले असते. तुमच्या घरी कुणी 'मला कुठं काय होतंय' म्हणत डॉक्टरांची गोळी टाळत असेल, तर पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहा. गिळेपर्यंत हलू नका. आपल्या मनाने मात्र सोडा कुणाला देऊ नका. तेही मलाच निस्तरावं लागतं.

उद्या उन्नती करंजाड्याला सासरी जाईल. मग इथे माझी बाजू घेणारं कोण? एका पाकिटाच्या कोपऱ्यात एक गोळी उरली होती. ती हळदीने पिवळ्या बोटांत धरून उन्नती बापासमोर उभी आहे. डोळे भरलेत. शेठ ओठ मिटून बसलेत.

शेठ, तोंड उघडा. पाया पडतं, उघडा हो!