अण्णांच्या देखत

कुसुमताईंनी पदर खोचला, भुईवर पाय लांब पसरले, नातीला पायांवर उताणं निजवलं आणि दुधाची बाटली हातात घेतली.

"सरका सगळे. पाच लेकरं बोंडल्यानं पाजलीत मी. बाटलीचं काय एवढं कौतुक?"

कौतुक होतंच. गौलीगुड्यातल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून लगीनघाई चालली होती. हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली आणि शहरातली कितीतरी मराठी माणसं बदलीच्या हुकमानं औरंगाबादेला निघाली. मराठी शाळेतल्या एक बाईही गेल्या, आणि त्यांची जागा कुसुमताईंच्या सुनेला, भामाला मिळाली. आज हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. भामा कडक इस्त्रीची साडी नेसून दाराशी उभी होती आणि तिचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. रेवू अजून अंगावर पीत होती. तिनं आजीच्या हातून बाटली घेतली, तरच भामाला जाता येणार होतं.

कुसुमताईंनी चोचीच्या बोंडल्यातून दूध ओतावं तशी बाटली नातीच्या तोंडात सरळ उभी धरली. रेवू ठसकली. दूध नाकातून आलं, चेहरा लालबुंद झाला. तिला उचलून, पाठ चोळून, शांत करून त्यांनी पुन्हा पायांवर घेतलं, तर पोरीनं ओठ गच्च मिटले आणि मान फिरवली.

"न्हाईच घेत बया," कुसुमताई म्हणाल्या. सुनेनं शाळेत शिकवावं ही हौस खरं तर त्यांचीच जास्त. त्यांचा आवाज एकदम उतरला.

खालून सायकलरिक्षावाल्यानं हाक दिली, "अम्मा, चलते क्या? नहीं तो दूसरी सवारी देखतूं."

"राहू द्या, आत्याबाई," भामा म्हणाली. "तिचे हाल नकोत. मी नाही जात."

एवढं बोलून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

लक्ष्मण कचेरीचा कोट चढवून खिडकीशी उभा होता. समोर खुर्चीत त्याचे वडील, एकनाथराव, वर्तमानपत्र उघडून बसले होते. या घरात वडिलांच्या देखत आपलं मूल मांडीवर घ्यायची रीत नव्हती. मोठ्यांसमोर स्वतःच्या लेकराचे लाड करणं म्हणजे निलाजरेपणा, असं सगळेच धरून चालत. एकनाथरावांनी आपल्या वडिलांसमोर ती रीत जन्मभर पाळली, आणि लक्ष्मणही पाळत होता. निदान घरात तसा समज होता.

लक्ष्मणनं कोट काढून खुंटीला टांगला.

"आई, इकडे दे तिला."

तो भिंतीला टेकून बसला. रेवूचं डोकं त्यानं कोपराच्या खळग्यात उंच घेतलं. दुधाचा एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. मग बाटली तिरपी धरली, इतकीच की रबरी निपल दुधानं भरलेलं राहील, आणि ती तोंडात न कोंबता नुसती ओठांना लावली. रेवूनं बापाकडे पाहिलं आणि आपणहून तोंड उघडलं. खोलीत चुटूचुटू आवाज येऊ लागला. मध्येच तिला दम लागला, तशी त्यानं बाटली खाली केली, तिला खांद्यावर घेऊन थोपटलं. तिनं चांगला मोठा ढेकर दिला.

कुसुमताई बघतच राहिल्या. "हे तुला कोणी शिकवलं रे?"

लक्ष्मणचे कान लाल झाले. उत्तर भामानं दिलं.

"तुम्ही दोघं सकाळी देवळात जाता ना, आत्याबाई. तेव्हा हे दोन घोट पाजतात रोज. आबिड्सच्या बाजारातून बाटली आणल्यापासून."

आता सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे लागले. एकनाथरावांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. सवयीनं लक्ष्मण लेकीला घेऊन उठू लागला.

"बस," ते म्हणाले. "पिऊ दे तिला. सूनबाई, तू निघ. तो रिक्षावाला ओरडायलाय."

भामा दोघांच्या पाया पडली आणि पदर सावरत, जवळजवळ पळतच जिना उतरली. रिक्षाची घंटी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली. कुसुमताईंनी डोळे पुसले आणि लगेच हसल्याही.

"तू पण जाशील आता कचेरीत," एकनाथराव लक्ष्मणला म्हणाले. "दुपारी हिला कोण पाजणार? पायावर घेऊन पुन्हा ठसका लावायचा काय?"

"मी शिकते की," कुसुमताई म्हणाल्या.

"तू शीक. आधी मला दाखव म्हणावं त्याला."

ते खुर्चीतून उतरून मुलाच्या शेजारी भुईवर बसले. लक्ष्मणनं जपून रेवूला त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्याचे खांदे ताठ झाले होते, श्वाससुद्धा बेतानं चालला होता.

"डोकं जरा वर, अण्णा." लक्ष्मणनं वडिलांच्या कोपराखाली आपला हात घातला आणि हळूच उचलला.

"एवढं?"

"अजून थोडं."

रेवू पिऊ लागली. पिताना ती आजोबांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. नातीवरची नजर न काढता एकनाथरावांनी बायकोला विचारलं,

"लक्ष्मण एवढा होता तेव्हा असाच बघायचा का गं?"

"बघायचा की," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही ओसरीवर बसायचात ना, तेव्हा माझ्या खांद्यावरून तुमच्याकडेच बघायचा."