आवटी तेच खेळतात

तिसऱ्या खेळीला वर्तकांच्या डाव्या गालावरचा तीळ आवटींच्या उजव्या गालावर उमटला. वर्तकांनी तो पाहिला आणि घड्याळाची कळ दाबली.

पांढरी मोहरी वर्तकांची. त्यांनी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवून डाव सुरू केला होता. आवटींनी समोरून तेच केलं. मग घोडा, मग उंट. आवटी तेच खेळत गेले. सहाव्या खेळीला त्यांना वर्तकांचा चष्मा लागला. पुढे केसही विरळ झाले.

मधलं प्यादं पुढे ढकललं की ही नक्कल मोडते, हे वर्तकांना पक्कं ठाऊक होतं. पण मग डाव उघडा पडणार, मारामारी होणार. या वयात हात दाखवून अवलक्षण कोण करील? ते अगदी शिणले होते. घरी जाऊन लेकीच्या हातचा गुरगुट्या भात खावा आणि आडवं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"घरी कसे जाणार, आवटी?"

"जयू येतेय न्यायला."

"जयू माझी मुलगी."

"हो," आवटी म्हणाले. "भात टाकूनच निघते म्हणाली."

वर्तक घाबरले. त्यांचा हात मधल्या प्याद्याकडे गेला. शिवलं की खेळावंच लागतं. हात तसाच अधांतरी राहिला, दुखायला लागला आणि मागे आला. त्यांनी हत्ती एक घर सरकवला.

"बरोबरी?" ते म्हणाले.

"बरोबरी."

रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापले राजे पटाच्या मधोमध ठेवले. सुंठीवाचून खोकला गेला, असं वर्तकांना वाटलं.

जयू दारात आली. तिच्या हातात जादा हेल्मेट एकच होतं. तिने दोघांकडे पाहिलं.

"यातले माझे बाबा कुठले?" तिने पंचबाईंना विचारलं.

"दोघांना अर्धा अर्धा गुण," पंचबाई म्हणाल्या.

मी, असं वर्तकांना म्हणायचं होतं. पण आवटी अजून काही बोलले नव्हते, त्यामुळे त्यांचं तोंड उघडेना. आवटी उठले. मग वर्तक उठले.

"मी गं, जयू," आवटी म्हणाले.

"मी गं, जयू," वर्तक म्हणाले, पण तोवर ती वळली होती.

दारापाशी आवटींनी हेल्मेट घातलं. पटाच्या अलीकडे वर्तकांचे दोन्ही हात वर गेले आणि हनुवटीखाली नसलेला पट्टा आवळू लागले.