राखेखालचा विस्तव

मालनचं डोकं एकदा तापलं की लवकर थंड होत नसे, आणि आज तर ते सकाळपासूनच तापलेलं होतं. वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगच्या गाळ्यात तिने हाफ डे टाकला, सुपरवायझर कुरकुरला तेव्हा त्यालाही दोन शब्द सुनावले आणि तरातरा वर्तकनगरला लेकीच्या शाळेत आली. मधली सुट्टी होती. समीक्षाला वर्गातून बाहेर काढलं आणि थेट मराठीच्या चित्रा मॅडमसमोर नेऊन उभं केलं.

शनिवारी डोंबिवलीला शाळाशाळांची रसग्रहण स्पर्धा होती. दहावीतून समीक्षाचं नाव ठरलेलं. काल मॅडमनी ते खोडलं आणि तिच्याच वर्गातल्या उर्वीचं घातलं. का, तर सरावाच्या कवितेचा अर्थ पोरीने चुकीचा लावला! वर तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पोरं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर पोरगी जेवली नाही, तेव्हा कुठे मालनला सगळं कळलं.

कविता ती केवढी? चार ओळींची.

दिवस सरला, तिने निखाऱ्यांवर
हलकेच राख ओढली,
आणि कुणाशी काही न बोलता
कूस बदलून झोपली.

गाईडात लिहिलेलं, राख म्हणजे विझलेली स्वप्नं, बाईने हार मानली. उर्वीने तेच घोकून लिहिलं. समीक्षाने मात्र आईकडून ऐकलेलं आठवून लिहिलं, बाई उद्यासाठी विस्तव जपून ठेवतेय. त्यावर मॅडमचा लाल शेरा, ‘अर्थ चुकला. गाईड पाहा.’

“मॅडम, तुम्ही कधी चूल पेटवलीय?” मालनने विचारलं.

मॅडम हसल्या. “अहो मालनताई, कवितेत ते प्रतीक असतं. शब्दशः घ्यायचं नसतं.”

“प्रतीक असू दे नाहीतर आणखी काय असू दे! राख ओढतात कशाला, ते तरी ठाऊक पाहिजे का नको? माझी आय रोज रात्री विस्तव राखेत पुरायची. विझवायचाच असता तर तांब्याभर पाणी ओतलं नसतं? सकाळी राख बाजूला सारून फुंकर मारली की लालबुंद! आठ-आठ दिवस काडेपेटीला हात लावायची नाही. आणि म्हणे हार मानली!”

मॅडमनी समीक्षाची वही उघडून स्वतःचा शेरा पुन्हा वाचला. “हे मला खरंच माहीत नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचं बरोबरही असेल. पण परीक्षकांच्या हातात नमुना उत्तर असतं हो. ते याला गुण देणार नाहीत. मी तिच्या भल्यासाठीच सांगतेय.”

मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकीला चूक म्हटलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. बरोबर आहे म्हणायचं आणि वर नाव खोडायचं, ही कुठली रीत?

“एक करता येईल,” मॅडमनी वही समीक्षापुढे सरकवली. “गाईडप्रमाणे पुन्हा लिहून दे. आत्ता, इथे. मी तुझं नाव परत घालते.”

समीक्षाने आईकडे पाहिलं. मालनच्या डोळ्यांपुढे शनिवारचं स्टेज आलं, माईकवर पुकारलेलं लेकीचं नाव आलं. भांडायला आलेली बाई एका झटक्यात ढेपाळली.

“लिही बाई,” ती म्हणाली. “गप लिहून टाक. आपलं काय जातंय?”

“म्हणजे तू मला खोटं सांगितलेलंस?”

“खोटं कशाला सांगेन गं?”

“मग?”

मालनला स्वतःचाच असा संताप आला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी. समीक्षाने पेन उचललं, लाल शेऱ्याखाली घाईघाईने काहीतरी खरडलं, वही मॅडमपुढे ठेवली आणि मागे न बघता वर्गात निघून गेली.

मॅडमनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. “ती बाई झोपली आहे, हरलेली नाही. खोटं वाटत असेल तर माझ्या आईला विचारा.”

मॅडमनी मान वर केली. आई समोरच उभी होती, आणि ‘लिहून टाक’ म्हणाली त्याला दोन मिनिटंही झाली नव्हती.

मालनने पदराने तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि बसली.

“विचारा,” ती म्हणाली.