अष्टधातूच्या कासवाची सोयरीक

हसनाबादच्या तळ्यावर त्या मे महिन्यात इतकी गर्दी लोटली होती की म्हशींना पाणी प्यायलासुद्धा नंबर लावावा लागत होता. कारण पाण्यात कासव होतं. साधंसुधं नव्हे, अष्टधातूचं! कूर्मानंद महाराज काठावरून "बूड!" म्हणाले की ते बुडायचं, "ये!" म्हणाले की वर यायचं, आणि ज्या रोग्यापुढे जाऊन थांबेल त्याचा रोग गेला असं समजायचं.

"डॉक्टर नाडी बघतो, कासव नशीब बघतं!" महाराज गरजायचे. "गोळ्या खाणाऱ्याकडं ते पाठ फिरवतं!"

हे ऐकून साळूबाईंनी ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. डोकं गरगरायला लागलं तर म्हणाल्या, "रोग निघून चाललाय, म्हणून धडपड करून राह्यला."

त्यांचा मुलगा मच्छिंद्र गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं गावाला सूर्यमालेपासून शेणखतापर्यंत सगळं पटवलं होतं, फक्त आईला काही पटवता आलं नव्हतं.

"आई, धातू असा पोहत न्हाई."

"मंग जहाज काय भाकरीचं असतंय?"

मुद्दा बरोबर होता, हीच तर पंचाईत.

त्याला खटकत होता तो महाराजांचा शिष्य पुंजाराम. हा गडी ऐन उन्हात घोंगडी पांघरून, मोरपिसांचा जुडगा उभा धरून बसायचा. त्याला ब्रह्मानंदाची थंडी वाजते, असं महाराज सांगायचे. पण त्या पिसांत एक काडी जरा जास्तच चकाकत होती.

मच्छिंद्रनं भोकरदनहून टेपदुरुस्तीवाला मित्र धर्मराज बोलावून घेतला. "हे रिमोटचं काम हाय. आपण बी तसंच एक कासव करून गावाला दाखवू."

"रिमोट खेळण्यातल्या गाडीचा मिळंल," धर्मराज म्हणाला. "खरी अडचण मोटरीची."

शाळेच्या प्रदर्शनासाठी, असं आईला सांगून दोघांनी अंगणात परातभर मोटरी मांडल्या. आता साळूबाईंनी निम्म्या गावाची लग्नं जमवलेली. चार जणी ओळीनं बसलेल्या दिसल्या की त्यांना चौकशी केल्याशिवाय राहवायचं नाही.

"ही कुणाकडली?"

"जीपच्या वायपरची. ताकद बिलकुल पैलवानाची."

"खाती किती?"

"मावशी, हिला लागणारी बॅटरी कासवापेक्षा जड हाय."

"नको. अख्खं घर खाऊन बसंल. पुढली?"

पुढली खेळण्यातल्या गाडीची. धर्मराजनं ती सुरू करताच शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या खरखरल्या. "लई पळते, पण ठिणग्या उडवते. त्या खरखरीत रिमोटचं हिला ऐकूच येत न्हाई."

"सासूचं ऐकत न्हाई आन् शेजाऱ्याला तरास. वापस धाडा!"

तिसरी टेपमधली. हळू फिरणारी, आवाज न करणारी, घासभर खाणारी.

"हीच सून!" साळूबाईंनी टाळी वाजवली.

"पण मावशी, कासव बुडवायचं तर पोटात पाणी वढाया पाह्यजे. पिचकारीचा दट्ट्या वढायला जोर लागतो. तो हिच्यात न्हाई."

"मंग एकलीवर सगळा संसार कशाला टाकता रे? जोराच्या कामाला दुसरी आणा की!"

धर्मराजनं मांडीवर थाप मारली. एक मोटर चालायला, एक बुडायला! खेळण्यातल्या क्रेनची दातेरी चाकांची मोटर दुसरी सून म्हणून आली. प्लॅस्टिकची दोन टोपली एकावर एक बसवली, चंदेरी रंग दिला, आणि अष्टधातू तयार.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मच्छिंद्रनं आपलं कासव गुपचूप पाण्यात सोडलं. अजून त्यानं रिमोटला हातही लावला नव्हता, तोच महाराज "बूड!" म्हणाले आणि दोन्ही कासवं बुडाली. "ये!" दोन्ही वर. एक वळलं की दुसरंही वळायचं. पुंजारामचा रिमोटही त्याच जातीच्या खेळण्यातला होता!

महाराजांनी दोन्ही हात उंचावले. मग ते ओरडले, "भक्तहो, कासवाची पत्नी! पाताळातून आली!"

"लगीन लावा!" गर्दी पेटली. कुणी अक्षतांना ज्वारी आणली, कुणी कुंकू. हलगी वाजली, मंगलाष्टकं सुरू झाली. मच्छिंद्रनं कपाळ धरलं. बुवा उघडा पाडायला आला होता, वधूपिता होऊन बसला.

"थांबा!" साळूबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. "बघण्याचा कार्यक्रम न करता लगीन? ह्या गावात?"

हलगी थांबली. एवढा अधर्म गावाला मंजूर नव्हता.

त्यांनी दोन्ही कासवं कानाला लावली. दोन्हींच्या पोटात एकच घरघर. त्यांच्या भुवया चढल्या. "मच्छिंद्र, तुझं उघड." उघडलं. टेपची मोटर, क्रेनची मोटर, पिचकारी.

"आता ह्यांचं."

"पाप लागेल!" महाराज किंचाळले.

"नवरदेवाची चौकशी म्हंजे पाप?" साळूबाईंनी झाकण उपटलं. आत टेपची मोटर, क्रेनची मोटर, पिचकारी. "अरे, दोन्ही एकाच घरातले की! सख्ख्या भाऊ-बहिणीचं लगीन लावायलास व्हय रे?"

तळं हसण्यानं हिंदकळलं. मच्छिंद्रनं घोंगडी ओढली. खाली रिमोट, आणि मोरपिसांत लपवलेला त्याचा एरियल.

"बरं झालं," घामानं निथळणारा पुंजाराम म्हणाला. "लई उकडून राह्यलं होतं."

हसण्यात साळूबाई नव्हत्या. त्या थेट महाराजांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुझ्या नादानं मी गोळ्या सोडल्या. मी आडवी झाले असते, तर खांदा द्यायला कासव आलं असतं का?"

महाराजांनी खाली पडलेली घोंगडी उचलून स्वतःच डोक्यावर घेतली.

मच्छिंद्र गर्दीकडे वळला. "मंडळी, बॅटरी मोटर फिरवते, मोटर पंखा फिरवते, पिचकारीत पाणी भरलं की कासव जड होऊन बुडतं. यात देव कुठंच न्हाई. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे चालतं कशावर? उघडून बघू देत नसंल, तर तिथून उठा. आन् औषध बंद करायचं का न्हाई, हे डॉक्टरला विचारा, बुवाला न्हाई..."

"भाषण पुरं," साळूबाई पदर पिळत म्हणाल्या. "माझं डोकं गरगरतंय. भोकरदनची गाडी बघ जल्दी, डाक्टरकडं जायचंय."