व्हांडाचं निरोगी रक्त

अमेरिकेतल्या बफेलो गावच्या आमच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं अधिकृत निरोगी माणूस एकच होता. व्हांडा पेत्रास.

अंगावर फोड येणाऱ्या एका त्वचारोगाच्या रोग्यांचं रक्त आम्ही तपासायचो. या रोग्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच कातडीच्या पेशींना जाऊन चिकटतात. कातडीच्या पातळ चकतीवर रक्तद्रव घालायचा, वर चमकणारा रंग, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. प्रतिपिंडं चिकटली असली की हिरवं दिसतं. शेजारी निरोगी रक्ताची चकती हवीच. ती काळी राहिली तरच तपासणी खरी. ते निरोगी रक्त व्हांडाचं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची, आणि तिला त्याचा भारी ताठा होता. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळाही तिच्या नळ्या मागवून घ्यायच्या.

"लोरेटा, माझं रक्त शिकागोला तीनदा जाऊन आलं," ती मला म्हणायची. "नवऱ्यानं, आमच्या स्टॅन्लीनं, मला इथल्या नायगाराच्या पलीकडे नेलं नाही."

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत नवा, जास्त तेज रंग आला. रक्त एरवी आम्ही दहापट पातळ करायचो. आमचे प्रमुख, डॉक्टर क्वेड, म्हणाले, "या खेपेला पातळ न करता तसंच लावा. रंगाची परीक्षा होऊ दे."

रोग्याच्या चकतीत पेशींच्या मधून हिरवं जाळं दिसलं. ठीक. मग मी व्हांडाची चकती सरकवली, तर कातडीचा सगळ्यात वरचा थर आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीसारखा हिरवागार! तीनदा पुन्हा केलं. तीनदा हिरवं.

व्हांडानं स्वतः बघितलं. मग मला धुलाईच्या खोलीत ओढून नेऊन म्हणाली, "पाठ बघ गं माझी. फोड आहे का?"

"तीळ आहे."

"टाचेवर फोड आहे माझ्या!"

"परवा नवे बूट घेतलेस ना?"

पण ऐकते कोण. तिनं बहिणीला फोन लावून पोलिश करंज्यांच्या लाटण्याचं मृत्युपत्रच केलं. "गेनिया, पिरोगीचं लाटणं तुला ठेवलंय. वहिनीच्या हाती पडू देऊ नकोस, ती कणीक फाडते."

डॉक्टर क्वेड समजूत घालायला आले. "व्हांडा, घाबरू नका. हे रोग्यांसारखं जाळं नाही."

"मग काय आहे?"

"ते माहीत नाही."

"एवढं सांगायला इतकी वर्षं शिकलात?"

डॉक्टरांना ते लागलं. टेबलावरच्या पाँचकींच्या, म्हणजे पोलिश डोनटांच्या, खोक्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे तळलेलं खाऊन दुसरं काय होणार? मी रोज सहा मैल पळतो. उद्यापासून माझं रक्त वापरा."

त्यांचं रक्त लावलं. व्हांडा बराच वेळ डोळा लावून बसली. मग हळूच म्हणाली, "अरे देवा. डॉक्टर, तुमच्यापुढे मी म्हणजे अगदी मिणमिणती हो."

माझंही चमकलं. पहारेकऱ्याचंही. तेव्हा व्हांडाला जोर चढला. गुरुवारी तिनं सुया आणि नळ्या घेऊन थेट बोलिंगचा अड्डा गाठला. तिच्या चर्चचे तीन संघ तिथे खेळत होते. "फादर काझिमीर, बाही वर करा! देवानं आत काय ठेवलंय ते बघायचंय." स्टॅन्ली सुई बघताच चेंडूंच्या रांगेवर कोसळला, पण तिनं पडल्या पडल्याच त्याचं रक्त काढलं.

पंचेचाळीस माणसांपैकी चव्वेचाळीस हिरवी निघाली.

डॉक्टर क्वेड आठवडाभर वाचनालयात बसले आणि उजळ चेहऱ्यानं परतले. "केराटिन! नखाकातडीचं चिवट प्रथिन. त्याविरुद्धची प्रतिपिंडं बहुतेक प्रत्येकाच्या रक्तात थोडी थोडी असतात. ती काही करत नाहीत. रोग्यांची वेगळी, ती पेशींना धरून ठेवणाऱ्या सांध्यांवर जातात. तुमचं रक्त नेहमीसारखं पातळ केलं की काळंच दिसतं."

"म्हणजे दहापट पाणी घातलं की मी निरोगी?"

"आपण सगळेच."

"आणि तो एक काळा कोण?"

मी यादी बघितली. एकोणतीस नंबर. "तुझा स्टॅन्ली."

व्हांडा पोट धरून हसली. "तरीच! लग्नाच्या बत्तीस वर्षांत त्या माणसानं कशालाच विरोध केलेला नाही. रक्तानं तरी का करावा?"

वसंतापासून आमचं निरोगी रक्त स्टॅन्लीचं. तो दर महिन्याला यायचा, डोळे मिटून हात पुढे करायचा, आणि व्हांडा त्याचा दुसरा हात धरून उभी राहायची. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ मात्र तिलाच उपसावा लागला. स्टॅन्ली खिडकीतून सांगायचा, मला जपायला हवं, प्रयोगशाळेसाठी.