आईच्या वासाचा सदरा

वरून तिसरं बटण, एकाच दोऱ्यावर लोंबकळणारं, आणि त्याच्या कडेला वाळलेल्या दुधाची पिवळट रेघ... यिन मावशी दात घासत न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीकडे बघत होती, आणि तोंडातला फेस थुंकून झाला तरी तिची नजर त्या बटणावरून हलत नव्हती. सदरा राखाडी, सुती, बाळंतिणीचा, पेइशानचा. रात्रभर अंगात घालून झोपायचं आणि सकाळी काढून या खुंटीला लावायचं, असं मावशीनंच तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं, आणि अठ्ठावीस दिवस पोरीनं ते बिनचूक पाळलं होतं. पुढचं काम मावशीचं. तो सदरा आपल्या अंगावर चढवायचा, वरून एप्रन बांधायचा, आणि मगच बाळाला छातीशी धरायचं — म्हणजे हात कुणाचेही असोत, नाकाला आईच कळावी.

आजही ती खुंटीपर्यंत गेली. बटणाला बोट लावलं. ते हललं आणि थांबलं.

मग नुसताच एप्रन बांधून ती बाहेर आली. चौथा दिवस.

वरून एप्रन असला की आत काय आहे ते कोण बघतं? संध्याकाळी सदऱ्याची घडी करून पेइशानच्या उशाशी ठेवली की झालं. चोरी म्हणावी तर काही उचललेलं नाही. खोटं म्हणावं तर कुणी विचारलेलं नाही... अशी उत्तरं ती स्वयंपाकघरात आलं ठेचता ठेचता स्वतःला देत होती, आणि ज्या अर्थी देत होती त्या अर्थी विचारणारं कुणीतरी आत बसलेलं होतंच.

नऊ वर्षं झाली तिला या देशात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेच्या या सगळ्या सपाट, उन्हाळ गावांमधून घरं बदलत. महिन्याची बाई. बाळ घरी आलं की हिनं आपली पेटी घेऊन त्या घरात शिरायचं, तीस दिवस बाळ-बाळंतीण सांभाळायची, आणि एकतिसाव्या दिवशी पेटी पुढच्या घरी. सदतीस बाळंतपणं झाली, हे अडतिसावं. काम शिकवणारी थोरली मा ताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “अंगाला अत्तर नको, केसांना वासाचा साबण नको, आणि आईच्या सदऱ्याशिवाय मूल उचलायचं नाही. तू जाणारी आहेस. तुझा वास त्याच्या नाकात ठेवून गेलीस तर ते तुला हुडकत रडेल, आणि त्याची आई ते ऐकत बसेल. हे पाप आहे बाई, साधं नाही.” आणि यिन मावशी देवाला भिणारी बाई. पेटीच्या झाकणात ग्वानयिन देवीची तळहाताएवढी तसबीर चिकटवलेली, तिच्यापुढे रोज सकाळी ओंजळभर कोमट पाणी. तिनं नऊ वर्षं नियम पाळला.

“मावशी, आज पुन्हा डुकराचे पाय?” जुनहाव, पेइशानचा नवरा, कामाला निघता निघता भांड्यात डोकावला. “पेइशान अर्धा वाडगा खाते, उरलेलं मी संपवतो. ऑफिसात विचारतात, बाळंत कोण झालंय म्हणून.”

“तुला दूध येईपर्यंत खा,” मावशी म्हणाली. “आणि ती बर्फाची कॉफी गाडीतच पिऊन टाक. काल तिच्या उशीमागे पेला सापडला मला.”

“तो माझा होता.”

“तुझ्या ओठांना लाली कधीपासून लागायला लागली रे?”

तो हसत पळाला. मावशीही हसली, पण ते हसू गुडघ्यापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. उजवा गुडघा. उभं राहिलं की सगळा भार डाव्या पायावर टाकायची सवय. अलीकडे थकवा येतो तो झोपेनं जाणारा नसतो, तो कपड्यांसारखा अंगावर असतो, रात्री काढून ठेवावा म्हटलं तरी खुंटी सापडत नाही...

दोन वर्षांपूर्वी बाजारात, जिवंत माशांच्या टाकीपाशी, एक तरुण बाई ओरडली होती — अगंबाई, यिन मावशी! आणि तीन वर्षांच्या मुलाला पुढे ढकलून म्हणाली, ओळखलंस का, हिनं तुला वाढवलं? मूल आईच्या झग्यात शिरलं, नाक खुपसून. किती बरोब्बर ठिकाणी गेलं नाक! मावशीला अभिमान वाटला होता. माझं काम चोख झालं, असंच मी तेव्हा म्हटलं. बसथांब्यावर आल्यावर लक्षात आलं की पैसे देऊन मासा तिथंच विसरला आहे.

आणि मग हा चार दिवसांपूर्वीचा शुक्रवार. घरात बाळाला शेंगदाणा म्हणतात, आहेही तसाच, कमरेत आवळलेला, डोक्याला नि पायाला गोल. तो भडाभडा ओकला, सदरा भिजला. तो काढून पाण्यात टाकला, पोर तर किंचाळत होतं, म्हणून उचललं नुसतंच. त्यानं मानेच्या खळगीत नाक घातलं. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं, आणि एक सुस्कारा सोडला — बाजारातून ओझं आणून ओट्यावर ठेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मला वाटलं, थांब पोरा, चुकतोयस तू. पण तो चुकलेला नव्हता. त्यानं नीट हुंगून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सदरा वाळला होता, पेइशान तो घालून झोपलीही होती. तो खुंटीवर होता.

दुपारी बाराच्या सुमाराला पेइशाननं त्याला पाजायला घेतलं. त्याच वेळी फोनच्या पडद्यावर तिची सासू, तिकडे चीनमध्ये भल्या पहाटे उठून, चष्मा लावून बसलेली. शेंगदाण्यानं आधी मान वळवली, मग पाठीची कमान केली, मग जो आवाज लावला तो लावला. पेइशाननं इकडून घेतलं, तिकडून घेतलं. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ आत गेले.

“अगं सूनबाई, धर ना नीट, पाव आहे का तो?” पडदा बोलला. “तुझ्याकडेच का रडतो गं तो? काल पण तसंच.”

मावशी हात पुसत पुढे झाली. पुढे व्हायला नको होतं. पण रडणं ऐकलं की हात आधी जातात, बाई मागून जाते. तिनं घेतलं, आणि तो गप्प झाला. कळ दाबल्यासारखा. खोलीत एवढी शांतता झाली की फोनमधून सासूबाईंचा चहा पिण्याचा आवाज आला.

“मूल कुणाचं आणि ओळख कुणाची!” सासूबाई हसल्या. वाईट बाई नव्हेत त्या, पण हसल्या.

फोन बंद करून पेइशान आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, “मावशी, मी त्याला आवडत नाही.”

आत्ता. आत्ता सांगावं. की पोरी, तुझ्यात काही कमी नाही, चार दिवस मी तुला त्याच्या नाकापासून दूर ठेवलं, मी, पेटीत देवी बाळगणारी... आणि खांद्यावरचा तो जीव पुन्हा तिच्या मानेत नाक खुपसत होता.

“काहीतरीच,” ती म्हणाली. “पोटात वारा धरला असेल.”

काल पेइशाननं विचारलं होतं, अजून एक महिना थांबाल का? आणि काम लावून देणाऱ्या बाईचा सकाळीच निरोप होता: आर्व्हाइन गावातल्या घरी वाट बघताहेत, परवा जाणार की नाही, आज संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर दुसरी पाठवते. थांबते म्हटलं की झालं. अजून तीस दिवस हा सुस्कारा. पण मग एकसष्टाव्या दिवशी काय? ते मा ताईनं सांगून ठेवलंय. आणि परवाच निघाले, तर हा दोन दिवसांत आईला कसा लागणार? म्हणजे थांबणं हेही पापच, जाणं हेही... तिनं बाळंतिणीला लाल खजुराचा चहा दिला, पोटाचा पट्टा आवळून बांधला, एप्रन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावला, आणि आपल्या हक्काच्या तासाभरासाठी कोपऱ्यातल्या खोलीत आडवी झाली.

झोप लागण्याआधी गाव आलं. यांगत्से नदीच्या उत्तरेचं, हिवाळ्यातलं. कुणाच्या तरी घरी पोथी लागलेली, टेबलावर मेणबत्त्या, आणि तो पोथी गाणारा म्हातारा लाकडी ठोकळ्यावर टिपरी मारत देवीची कथा गातोय. एक ओळ तो गाई आणि थांबे. तो थांबला की खोलीभरच्या बायका, कुणी शेंगा सोलत, कुणी मूल पाजत, सगळ्या मिळून देवाचं नाव लावत — आ-मी-थो-फो. गाणं त्याचं, पण ओळ पुरी व्हायची ती ऐकणाऱ्यांच्या तोंडी. त्या नावाबरोबर आईची छाती आतून घुमायची आणि मांडीवरच्या माझ्या पाठीला ते लागायचं. त्याच चाली मी सदतीस पोरांना म्हटल्या, अडतिसाव्यालाही. साथ द्यायला कुणी नसतं, म्हणून ओळही मीच गाते आणि नावही मीच घेते...

ती दचकून उठली. घड्याळात तीन. आवाज नव्हता.

या घरात तीन वाजता शांतता नसते. अनवाणीच ती स्वयंपाकघरात आली, सवयीनं हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा.

बाळाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पेइशान खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिच्या अंगावर तो निळा एप्रन — आल्याचा, तिळाच्या तेलाचा, नऊ वर्षांच्या घामाचा — मागची गाठ चुकीची बसलेली, एक बंद लोंबणारा. खांद्याशी त्याचा बोळा केलेला, आणि त्या बोळ्यात शेंगदाण्याचं नाक. तो झोपला होता. ती त्याला झुलवत होती, आणि मावशीला आधी कळेना की हे झुलवणं इतकं ओळखीचं का वाटतंय. मग कळलं. सगळा भार डाव्या पायावर. पोरीनं तिचा दुखरा गुडघासुद्धा उचलला होता.

“रागावू नका,” पेइशान मागे न वळता कुजबुजली. “युक्ती तुमचीच आहे.”

“घाण आहे गं तो. सकाळपासून तेल, आलं...”

“हळू बोला. त्याला चालतंय.”

पेइशाननं एप्रनचा बोळा त्याच्या नाकाशी नीट केला.

“मावशी, सदरा संध्याकाळी परत मिळायचा ना मला, त्याला आल्याचा वास असायचा. चार दिवस झाले, येत नाही.”

मावशीनं दाराची चौकट धरली. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? आधी वाटलं, कंटाळल्या असतील दुसरीचे कपडे घालून. मग राग आला. परवा रात्री इतका आला की... पण काल सकाळी वाटलं, भांडले आणि तुम्ही निघून गेलात तर? हा राहील का माझ्याकडे? त्या भीतीनंच तर काल म्हटलं, एक महिना थांबा म्हणून.” तिचा आवाज चिरकला, पण झुलवणं थांबलं नाही. “आता थांबा म्हणू की जा म्हणू, मलाच कळत नाही.”

“माझं चुकलं,” यिन मावशी म्हणाली. एवढंच.

पेइशाननं मान हलवली. क्षमा म्हणून, की ‘माहीत आहे’ म्हणून, ते तिच्या पाठीवरून सांगता येत नव्हतं.

मावशीच्या खिशातला फोन थरथरला. आर्व्हाइनसाठीच असणार. तो थरथरून थांबला, आणि पुन्हा थरथरला. बाळ चुळबुळलं. तिचे हात उठले, नेहमीसारखे, बाईच्या आधी — आणि पहिल्यांदाच ते कुठे जायचं ते न कळून हवेत राहिले. अंगावर एप्रन नाही, सदरा नाही. तिनं मनगट नाकाशी नेलं. आपला वास आपल्याला येत नाही, हे तिला छप्पन्न वर्षांत सुचलं नव्हतं. तो वास खिडकीपाशी होता, दुसरीच्या अंगावर, आणि त्याच्यात एक पोर शांत निजत होतं.

मग पेइशान गुणगुणायला लागली. शब्द तिला येत नव्हते. भिंतीपलीकडून अठ्ठावीस दिवस ऐकलेली चाल तेवढी होती, कच्ची, एका जागी घसरणारी. पोथीतली पहिली ओळ. ती शेवटापर्यंत गेली आणि थांबली, कारण ओळीनंतरचं ते नाव तिला येत नव्हतं.

मावशी दारात उभी होती. गुडघा ठणकत होता. फोन पुन्हा थरथरला, तिनं बघितला नाही. त्या थांबलेल्या जागेत तिला आईच्या छातीची घुमणारी हाक पाठीला लागली, आणि शेंगा सोलणाऱ्या बायकांमधली एक असल्यासारखं, न गाता, नुसत्या श्वासात, तिनं देवाचं नाव लावलं.

पेइशाननं क्षणभर ऐकलं, आणि दुसरी ओळ उचलली.